पाळण्यापाशी ठेवलेला फोन

गिरजाबाईंनी नातीची झबली घडी करून पिशवीत भरली. त्यांची लेक रूपा दारात उभी राहून बघत होती. तिचे हात आज काहीच बोलत नव्हते. काल बोलून, रडून सगळं झालं होतं. दुपारच्या गाडीने गुड्डी आजीबरोबर आसगावला जाणार होती, आणि चालायला-बोलायला लागेपर्यंत तिथेच राहणार होती.

रूपाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. जावई अंकुशलाही नाही. तो करडीजवळच्या राइस मिलमध्ये पोती भरायचा, ती घरी शिवणकाम करायची. दोघांचा संसार नेटका चालला होता. गिरजाबाईंना घोर लागला तो गुड्डी झाल्यावर. एकदा रूपा चुलीपाशी पाठमोरी बसलेली असताना पाळण्यात लाल मुंग्या चढल्या. लेकरू रडून रडून निळं पडलं. शेजारच्या निर्मलाबाई धावत आल्या म्हणून निभावलं. त्याच दिवशी गिरजाबाईंनी मनाशी ठरवलं, ज्या घरात ऐकणारं माणूस नाही तिथे लेकरू ठेवायचं नाही.

अंकुशने हात जोडून थोडी सवड मागितली आणि थेट कुलदीपचं मोबाइलचं दुकान गाठलं. कुलदीपने दुकानात पाटी लावली होती : घरात पडून असलेले जुने फोन द्या, लहान लेकरांच्या गरजू आईबापांसाठी. लोकही आणून देत. कृष्णराव व्यापाऱ्याने काच तडकलेला फोन दिला होता, शाळेतल्या एका बाईंनी स्वतःचा जुना. कुलदीपने ते दोन्ही दुरुस्त केले, एकमेकांना जोडले आणि अंकुशच्या हातात ठेवले. पैसे विचारले तर त्याने नाही म्हणून मान हलवली.

एक फोन पाळण्यापाशी ठेवायचा. लेकरू रडलं की दुसरा थरथरायचा. तो रूपाने कापडी पिशवीत घालून कमरेला बांधला. नीट चालतं का ते बघायला कुलदीप स्वतः पाळण्याजवळ बसून तान्ह्या पोरासारखा रडला. अख्खी गल्ली हसली. मागच्या अंगणात उभ्या असलेल्या रूपाचा हात कमरेवर गेला. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

एवढं बघूनही गिरजाबाई बधल्या नाहीत.

"यंत्र आहे बापा ते," त्या कुलदीपला म्हणाल्या. "आज चालते, उद्या बंद पडते. माणसाच्या कानाची सर त्याले कशी येईन?"

"बंद पडलं तं मी दुसरं देईन, मावशी," कुलदीप म्हणाला. "पण मायजवळचं लेकरू नेऊ नका."

पिशवी भरून झाली. गाडीला वेळ होता. गुड्डी आतल्या खोलीत झोपली होती. रूपा मागे कपडे धुवायला गेली. गिरजाबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या. घर शांत होतं.

एकाएकी रूपा ओसरीसमोरून धावत आत गेली. हात साबणाने भरलेले, पदर ओला. रूपा धुताना घसरून पडली की काय म्हणून गिरजाबाई सूप टाकून मागोमाग गेल्या.

रूपाने गुड्डीला छातीशी धरलं होतं. लेकराचं तोंड लालबुंद झालं होतं, गाल भिजले होते, मुठी आवळलेल्या होत्या. रूपाच्या कमरेची पिशवी अजून थरथरत होती.

कुंपणावरून वाकून निर्मलाबाईंनी खिडकीच्या दिशेने मोठ्याने विचारलं, "केवढी रडून राह्यली होती पोरगी! माह्या अंगणात आयकू आलं. तुम्ही तं इथंच बसल्या होत्या ना, गिरजाबाई?"

गिरजाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी कान गुड्डीच्या तोंडाजवळ नेला. तेव्हा कुठे हुंदका ऐकू आला, तोही बारीक, दूरच्या शेतातून यावा तसा. अलीकडे माणसं हळू बोलू लागली आहेत, असं त्यांना वाटायचं. माणसं हळू बोलत नव्हती.

रूपा लेकराला थोपटत होती. तिच्या चेहऱ्यावर आईवर रोष नव्हता. सगळं ध्यान गुड्डीच्या श्वासाकडे होतं. गिरजाबाईंनी पिशवी उलटी केली, झबली काढून पुन्हा दांडीवर टाकली आणि स्वतःचं लुगडं तेवढं पिशवीत ठेवलं.

अंकुश गाडीवर सोडायला आला तेव्हा त्या एकट्याच अंगणात उतरल्या. तो गोंधळून दाराकडे बघू लागला. निर्मलाबाई अजून कुंपणाशीच होत्या.

"काहून, लेकरू नेत नाही का?" त्यांनी विचारलं.

"मी नेऊन काय करू?" गिरजाबाई म्हणाल्या. "आयकणारी तं इथं राह्यते."