खोडलेली ओळ

"तुझ्या शाळेत संगणक हा विषयच नाही. मग हा प्रोग्राम कोणी लिहून दिला?" विद्यापीठाच्या मुलाखतीत प्राध्यापकांनी मुलीला विचारलं. "मीच लिहिलाय, सर. आईच्या शिवणकामाच्या दुकानासाठी. कोणाचे कपडे कधी द्यायचे, ते सांगतो." "सगळे असंच म्हणतात." त्यांनी छापील प्रोग्राममधली एक ओळ पेनानं खोडून कागद तिच्यापुढे सरकवला. "आता काय बिघडेल?" कागद वाचता वाचता ती कसनुसं हसली. "यादीतलं शेवटचं गिऱ्हाईक राहून जाईल. आधी ही ओळ विसरलेच होते. एक काकू पोरीच्या लग्नात जुन्याच कपड्यांत वावरल्या. अजून आईशी बोलत नाहीत." प्राध्यापकांच्या कपाळावरची आठी तशीच होती. "मग काय केलंस?" "कपडे पोचवायला गेले. त्यांनी पिशवी घेतली, दार आपटलं." "बरोबरच आहे त्यांचं," म्हणत सरांनी प्रवेशअर्जावर सही केली.