दुसऱ्या पायरीची सिस्टर

बयाजीअण्णांच्या मनगटावरचा, मनाचा ताण मोजणारा पट्टा महिनाभर हिरवा राहिला, म्हणून आरोग्य केंद्रानं त्यांना उपचारांच्या दुसऱ्या पायरीवरून पहिल्या पायरीवर उतरवलं. पहिल्या पायरीला फक्त पट्ट्यातला आवाज मिळे. रोज सकाळी तो विचारायचा, "अण्णा, झोप लागली का?" दुसऱ्या पायरीला मात्र दर मंगळवारी कुमुदिनी सिस्टर घरी यायच्या, ओट्यावर बसायच्या आणि चहात साखर जास्त झाली म्हणून रागवायच्या.

तीन मंगळवार अण्णांनी दोन कप मांडले आणि एक कोराच उचलून ठेवला. मग सोमवारी त्यांनी पट्टा काढून शेळीच्या पायाला बांधला. तिचं करडू आदल्याच दिवशी विकलं होतं.

मंगळवारी दारात गाडी थांबली. पण सिस्टर नव्हत्या. जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, थेट चौथ्या पायरीच्या. त्यांनी अण्णांचा हात हातात घेतला.

"अण्णा, असा आलेख मूल गेलेल्या आईचा येतो. काय झालं?"

अण्णांनी गोठ्याकडे बोट दाखवलं. "ते शेळीचं आहे, बाई. माझं एवढं नाही."

"मग तुमचं किती आहे?"

अण्णा ओशाळले. "एका कपाचं."

बाईंनी शेळीच्या पायाचा पट्टा सोडून त्यांच्या मनगटावर बांधला. तो लगेच हिरवा झाला. "एवढ्याला पायरी नाही हो," त्या हळूच म्हणाल्या आणि ओट्यावर बसल्या.

अण्णांनी चहा ठेवला. साखर मुद्दाम जास्त टाकली.

बाईंनी सगळा चहा संपवला. "छान झालाय," म्हणाल्या.