झाडाची रिबीन

खुर्चीतली चांगली नोकरी सोडून लेक ओढा राखणाऱ्या टोळीत गेली, लोकांनी फेकलेल्या बाटल्या वेचू लागली, तेव्हापासून आईनं तिच्याशी अबोला धरला होता. आज तीच टोळी घरामागच्या ओढ्याकाठी माजलेली परदेशी झाडं तोडायला आली. आईनं खिडकीतून पाहिलं, तर नवऱ्यानं स्वतःच्या हातानं लावलेल्या झाडाला लेक पिवळी रिबीन बांधत होती.

"तोडायची खूण करतेय. आता बापाच्या झाडावर उठलीय," आई पुटपुटली. लेक पुढे गेली तशी ती तरातरा खाली उतरली, रिबीन ओरबाडून कमरेला खोचली आणि ताठ मानेनं घरात येऊन दार लावून घेतलं.

संध्याकाळी करवतीचा आवाज थांबला. लेक दारात उभी होती, डोळे सुजलेले.

"आई, बाबांच्या झाडाची रिबीन कुणी काढली?"

"मी." वर्षभरानं आई तिच्याशी बोलली. "तुला तोडू देते होय?"

"अगं, रिबीन बांधलेलं झाड ठेवायचं असतं, बाकीची तोडायची. मुकादमाच्या हातापाया पडून तेवढं एक सोडवलं होतं मी. मी पुढच्या वळणावर होते, तोवर पाडलं त्यांनी."

आई कमरेची रिबीन चाचपत राहिली. 'कशाला बांधतेस गं?' एवढंच तर विचारायचं होतं.