गिरणीवाल्याचा पोरगा

"साहेब, बिअर देईन, पण हसून देणार नाही," पबचा मालक लेन गडरिज म्हणाला आणि त्यानं ग्लास रूपर्टसमोर आपटला.

रूपर्ट पेनहॅलोला याहून चांगल्या स्वागताची अपेक्षा नव्हती. हॅझलबर्न गावाचं सगळं वैभव म्हणजे एडमंड हॅस्केट. चारशे वर्षांपूर्वीचा थोर नाटककार, इथल्या नदीकाठच्या गिरणीवाल्याचा पोरगा. शाळेच्या, खानावळीच्या, बसथांब्याच्या पाटीवर त्याचंच नाव. आणि रूपर्टच्या चित्रपटानं देशभर सांगितलं होतं, की ती नाटकं हॅस्केटनं लिहिलीच नाहीत. एका उमरावानं लिहिली, आणि लोकलाजेस्तव गिरणीवाल्याच्या पोराचं नाव वापरलं.

चित्रपट तुफान चालला. पटकथेचं मोठं पारितोषिक रूपर्टला मिळालं. आज गावानं त्याला जाब विचारायला चर्चच्या सभागृहात बोलावलं होतं.

"एक विचारू?" फळीवरून फडकं फिरवत लेननं आवाज खाली आणला. "तुमचा पिक्चर धादांत खोटा. पण पोरगा लंडनला निघतो ना, तेव्हा आई काही न बोलता त्याच्या कोटावरचं पीठ झटकते. पीठ गेलं तरी झटकतच राहते. आमची म्हातारी अश्शीच होती हो. रडलो मी. तुमच्यासारख्या बड्या घरच्या माणसाला हे सुचलं कसं?"

"कुठंतरी ऐकलं असेल," रूपर्ट म्हणाला आणि ग्लासात पाहत राहिला.

"त्या मिसेस टॅपलिनपासून जपा मात्र. आज सोलून काढणार तुम्हाला."

हे रूपर्टला सांगायची गरज नव्हती. डोरीन टॅपलिन हॅस्केटचं घर सांभाळायची. तिकिटं फाडायची, जुन्या जिन्याला मेण लावायची, येईल त्याला हॅस्केटची गोष्ट सांगायची. अलीकडे ऐकायलाच कोणी येईना. नगरपालिकेनं घराला कुलूप लावून ते विकायचं घाटलं होतं. मग चित्रपट आला, आणि भांडायला का होईना, माणसं येऊ लागली.

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पाद्रीबाबांनी सगळ्यांना सभ्यपणे बोलायची विनंती केली. ती कोणी ऐकली नाही. गलका जरा ओसरल्यावर रूपर्ट उभा राहिला.

"हॅस्केट गावच्या शाळेत जेमतेम अक्षरं गिरवायला शिकला," तो म्हणाला. "त्यानं दरबार पाहिला नव्हता, परदेश पाहिला नव्हता. असा माणूस राजांच्या मनातलं कसं लिहील?"

मुलाखतींमधून हे तो इतक्यांदा बोलला होता, की स्वतःचे शब्द त्याला ऐकूही येईनासे झाले होते. आज मात्र येत होते. पहिल्या रांगेत निळा स्वेटर घातलेली एक लहानखुरी बाई मांडीवर पर्स धरून बसली होती. तिच्याकडे पाहायचं तो टाळत होता.

ती उठली. सभागृह आपोआप गप्प झालं.

"मिस्टर पेनहॅलो, मला वाद घालायचा नाही," डोरीन म्हणाली. "एवढंच सांगा. फार शिकलेला नाही, म्हणून माणसाला लिहिता येत नाही, असं तुम्हाला खरंच वाटतं?"

"चित्रपटात तसं..."

"चित्रपटात काय आहे ते आम्ही पाहिलंय. तुम्हाला काय वाटतं?"

मागून कोणीतरी ओरडलं, "बोला की राव, दातखीळ बसली का?"

रूपर्टनं पाण्याचा घोट घेतला. काही सुटसुटीत, चतुर उत्तरं त्याच्या डोक्यात तयार होती. ती सगळी त्यानं सोडून दिली.

"नाही," शेवटी तो म्हणाला. "मला तसं वाटत नाही."

एकच जल्लोष झाला. लेननं खुर्चीवर चढून शिट्टी वाजवली. म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. डोरीनच्या चेहऱ्यावर मात्र जिंकल्याचा आनंद दिसला नाही. ती हळूच खाली बसली आणि आपल्या हातांकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपर्टनं बॅग गाडीत टाकली, पण गाडी लंडनच्या रस्त्याला न लावता तो नदीकडे चालत निघाला. हॅस्केटच्या घरासमोरची रांग पुलापर्यंत गेली होती. कोणीतरी त्याला ओळखलं आणि हुर्यो केली. दारातल्या डोरीननं ते ऐकलं. तिकिटांचा गठ्ठा शेजारणीच्या हातात देऊन ती त्याला मागच्या स्वयंपाकघरात घेऊन गेली, दार लावलं आणि किटली चढवली.

"बस. चेहरा किती उतरलाय तुझा."

"डोरीन, माझ्याच्यानं आता होत नाही. बक्षीस घेताना होत नव्हतं, काल तर मुळीच झालं नाही. मी पेपरवाल्यांना बोलावतो."

"काय सांगशील त्यांना?"

"खरं काय ते."

तिनं कपात दूध ओतलं. बाहेर रांगेत दोन माणसं हॅस्केटवरून तावातावानं भांडत होती. ती क्षणभर कान देऊन ऐकत राहिली.

"काल सभेनंतर नगरपालिकेचा माणूस आला होता," ती म्हणाली. "घर विकत नाहीत म्हणाला."

"मग झालं तर! आता लपवायचं कारणच काय? सांगून टाकू दे मला."

"सांग ना. मी कुठं अडवते?" डोरीननं कप त्याच्यापुढे सरकवला. "पण अर्ध्यात शाळा सोडलेल्या, तिकिटं फाडणाऱ्या बाईनं तो पिक्चर लिहिलाय, यावर कोण विश्वास ठेवेल, राजा?"