भिजवलेले दाणे

सासूबाई गेल्यापासून त्यांची म्हातारी मांजर पाकिटातले मांजरखाद्याचे कोरडे दाणे खाईना, आणि सासरेही अर्धी भाकरी ताटात सोडू लागले. दोघांचीही दुःखाने अन्नावरची वासना उडालीय, असं निशिगंधाला वाटे. शेवटी कोरडं द्यावं की ओलं, हे विचारायला ती मांजरीला घेऊन कुकटपल्लीतल्या पाळीव प्राण्यांच्या खाण्याच्या दुकानात गेली. "इसके दाँतां गिर गए, अम्मा," मांजरीचं तोंड उघडून दुकानदार म्हणाला. घरी ओल्या खाण्याची पाकिटं पाहून सासरे म्हणाले, "कशाला आणलंस? तुझी सासू तेच दाणे कोमट पाण्यात भिजवून द्यायची." "मग मला सांगायचं ना, मामा." "ऑफिसातून दमून येतेस. वरून हे लाड कुठं सांगू?" मामांचं ताटही सासूबाई स्वयंपाकघरातूनच कालवून आणायच्या, हे तिला आठवलं. जेवताना तिने भाकरी आमटीत कुस्करून वाढली. ताट संपवून मामा हळूच म्हणाले, "पोरी, अजून अर्धी कुस्कर."