अडकलेली चेन

बॅगेची चेन मधेच अडकली आणि बापाचं डोकं फिरलं. एक हिसका दिला, दुसरा दिला, मग बॅगेलाच एक शिवी हासडली. थोड्याच वेळात बायको येणार होती. त्याआधी त्याला या घरातून बाहेर पडायचं होतं. तसा कोर्टाचा हुकूमच होता.

"हुकूम देणाऱ्या मॅडमना एकदा ही बॅग भरायला लावली पाहिजे," तो करवादला. नऊ वर्षांची ठमी पलंगावर मांडी घालून आपल्या बापाची फजिती बघत होती.

खरं तर दोन्ही वकिलांनी मिळून पोरीची वाटणी चोख केली होती. एक आठवडा आईच्या बिऱ्हाडी, एक बापाच्या. न्यायाधीशबाईंनी तो कागद बाजूला सारला. "मुलगी आहे त्याच घरात राहील," त्या म्हणाल्या. "आलटून पालटून तुम्ही दोघं तिथे राहायला जा. थोडे दिवस करून बघा, मग बोलू."

तेव्हापासून त्याचं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. एक आठवडा इथे, एक आठवडा थोरल्या भावाच्या सोफ्यावर. त्याचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. चष्मा एका घरी, तर मशीनरूमची किल्ली दुसऱ्या घरी. परवा एक आजोबा बंद लिफ्टमध्ये अडकून बोंबलत होते आणि हा किल्लीसाठी जिन्यात बॅग उलटी करत बसला होता. वर वहिनीचं फुगलेलं तोंड होतंच. बायकोची गत काही वेगळी नव्हती, ती बहिणीकडे दिवस काढत होती. तरी तिचे फोनवरचे टोमणे चालूच. ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला? संसार मोडला, पण टॉवेल काही सुटला नाही.

उद्या कोर्टात तारीख होती, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच नवरा-बायकोचं एकमत झालं होतं. हे आता पुरे. ठमीनेच ये-जा करावी.

"पोरांना काय, कुठेही रुळतात," तो चेनशी झटत पुटपुटला. "मरण होतं ते आमचं."

ठमी पलंगावरून उतरली. "बाबा, हो बाजूला."

तिने सगळे कपडे बाहेर काढले. एकेक शर्ट गुंडाळून उभा लावला. मोजे बुटांत कोंबले. किल्ली आतल्या कडीला अडकवली. "रोज लागतं ते सगळ्यात वर. आणि ब्रश दोन घ्यायचे, एक तिकडेच ठेवायचा." चेन निमूटपणे लागली.

"अगं, कुठे शिकलीस हे?"

"माझी भरताना."

तिने पलंगाखालून एक निळी बॅग ओढली. आत सगळं जागच्या जागी. गणवेश, रंगपेटी, आणि तळाशी कापडी ससा. त्याला कुशीत घेतल्याशिवाय ती कधी झोपायची नाही.

"हा आत कशाला? रात्री लागतो ना तुला?"

"सवय करतेय. एखाद्या घरी विसरला तर?"

"पण मॅडम म्हणाल्या होत्या ना, तुला कुठे जायचं नाही म्हणून?"

"तुम्ही दोघं कंटाळणार, मला माहीत होतं," ठमी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बापाला मात्र स्वतःची लाज वाटली.

त्या संध्याकाळी हुकूम मोडून तो बायको येईपर्यंत थांबला. निळी बॅग तेवढी उघडून तिच्यापुढे ठेवली.

दुसऱ्या दिवशी कोर्टात त्याचा वकील घसा खाकरत उठला. बापाने कोटाला धरून त्याला खाली बसवलं.

"काय, जमतंय का?" न्यायाधीशबाईंनी विचारलं. "काही अडचण?"

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने हळूच मान डोलावली.

"अडचणी ढीगभर आहेत, मॅडम," तो म्हणाला. "त्या आमच्याकडेच राहू द्या. बॅगेची चेन तेवढी बदलून घेतो."