रुबिडियमची सुई

समितीचे लोक खाली चहा पीत होते आणि वर प्रयोगशाळेत नीरजा पोलादी टेबलावर ओणवी होऊन ॲल्युमिनियमच्या पाटाखाली हात घालत होती. आयत्या वेळी तिच्या हातून एक पितळी स्क्रू निसटून त्या फटीत घरंगळला होता. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

पाटावर बोटभर लांबीची काचेची नळी होती आणि नळीत रुबिडियम धातूची वाफ. ही वाफ लेझरचा प्रकाश गिळून टाकते. पण दुसऱ्या एका लेझरने तिच्या अणूंना आधी पढवून ठेवलं आणि दोघांचा सूर नेमका जुळला, की तीच वाफ एकाएकी प्रकाशाला वाट करून देते. पडद्यावर सुईसारखी बारीक रेघ उभी राहते. निदान पुस्तकात तरी राहते. नीरजाची सुई बारीक होत होत मध्येच अडून बसली होती, आणि महिन्याभरापूर्वी तर कुणाची दृष्ट लागावी तशी सुजली. तिने लेझर पुन्हा जुळवले, नळी बदलली, तारा बदलल्या. चुंबक जवळ आला की हे अणू बिथरतात, म्हणून ती केसांतले आकडेसुद्धा दाराबाहेर काढून ठेवायची. उपयोग काही नाही. आज समितीला सुई दिसली नाही तर काम बंद होणार होतं, टेबल दुसऱ्या गटाकडे जाणार होतं आणि तिची इतक्या वर्षांची पीएच.डी. पाण्यात.

तिचे मार्गदर्शक खांबेटे सर कोथरूडहून वेळेवर येत, वेळेवर जात आणि मधल्या वेळात कुणाचं कौतुक करत नसत. काल पडद्याकडे बघून ते म्हणाले होते, "ही सुई नाही, पर्वती आहे. पायऱ्या तेवढ्या बसवा."

नीरजाच्या बोटांना स्क्रू काही लागला नाही. दुसरंच काहीतरी लागलं. गुळगुळीत, पोट सुटलेलं. ओढलं तर येईना. जोर लावून तिने ते उपटलं आणि उजेडात धरलं. मोटारीत काचेपुढे बसवतात तसला छोटा गणपती होता, बुडाला जाड चुंबक. बरोब्बर नळीच्या खाली बसला होता.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. हे संपतचंच काम. खंडेनवमीला लेझरला झेंडूचा हार घालायची हौस या शिपायालाच असते. पण भांडायला वेळ नव्हता. तिने गणपती बाहेर नेऊन आकड्यांशेजारी ठेवला, घाईघाईने हात जोडले आणि ती आत वळली, तेवढ्यात समिती जिना चढून आलीच. पुढे डॉ. हेमा दातार, मागे दोघे आणि खांबेटे सर.

नीरजाने बटण फिरवलं. पडद्यावर रेघ सपाट सरकत मध्यापर्यंत आली आणि सरळ वर गेली. इतकी बारीक की तिला आधी बिघाडच वाटला. तिने पुन्हा फिरवलं. पुन्हा सुई, त्याच जागी, पूर्वी कधी नव्हती एवढी टोकदार. महिनाभर तिने जे जे नीट केलं होतं ते सगळं आता एकदम दिसत होतं. तिला एवढा आनंद झाला की हसू दाबायला तिने गाल आतून चावून धरला.

"अहवालात तर टेकडी होती," दातारबाई म्हणाल्या. "काय बदललंत?"

"जवळ एक चुंबक राहिला होता, मॅडम. आत्ताच काढला."

"चुंबक? इथे? कुणी आणला?"

संपत दारातच उभा होता. गरिबाची नोकरी जायची. "माहीत नाही," नीरजा म्हणाली.

"मला माहीत आहे," खांबेटे सर म्हणाले. "माझ्या गाडीतला गणपती आहे. मी ठेवला."

 संपत तोंडाला रुमाल लावून बाजूला झाला.

"अहो, आपण चुंबकत्व शिकवता," दातारबाई म्हणाल्या. "बुडाखाली चुंबक आहे हे आपल्या लक्षात आलं नाही?"

"ठेवताना मी गणपतीकडे बघत होतो."

"पण आपण तर देव मानत नाही."

"नाहीच मानत." सरांनी नीरजाकडे पाहिलं नाही. "मला येत होतं तेवढं सगळं करून झालं होतं. आणि हिचं व्हायला हवं होतं."

 सरांनी पडद्याकडे बोट केलं.

"परत लावा. मघाशी मला नीट दिसलं नाही."

मघाशी पडद्यापाशी सगळ्यांत पुढे तेच उभे होते. नीरजाने सुई पुन्हा उभी केली, आणि या वेळी हसू दाबलं नाही.